‘आहे’चा ‘य’ होतो तेव्हा

सरकारी नकाशात अक्राणी नावाचा तालुका आहे. पण एसटीत बसलेला माणूस ‘अक्राणीला चाललो’ म्हणत नाही, ‘धडगावला चाललो’ म्हणतो. तालुक्याचं ठिकाण धडगाव, म्हणून लोकांच्या तोंडी अख्खा तालुकाच धडगाव झालेला. नंदुरबार जिल्ह्याचा हा सातपुड्यातला कोपरा. तळोद्याकडून चांदसैलीचा घाट चढून यायचं. उत्तरेला नर्मदा आणि तिच्यापलीकडे मध्य प्रदेश, पश्चिमेला अक्कलकुवा ओलांडलं की गुजरात. वस्ती बहुतेक पावरा आणि भिल्लांची. उन्हाळ्यात इथं घरोघर कैऱ्या सोलल्या जातात, त्यांच्या फोडी उन्हात वाळतात आणि तो आमचूर व्यापाऱ्यांच्या काट्यावर येतो.

भाषेचा अभ्यास करणाऱ्यानं त्या काट्याशेजारी उभं राहावं. विकणारी बाई घरच्या माणसाशी पावरीत बोलते. शहाद्याकडून आलेला व्यापारी अहिराणीत विचारतो, ‘काय भाव शे?’ शाळेतले गुरुजी सहज चौकशी करतात, ‘काय भाव चाललाय?’ आणि बाईबरोबर आलेला सहावी-सातवीतला मुलगा मराठीत विचारतो, ‘भाव काय आहे?’

या तिन्ही वाक्यांत एकाच अर्थाचं क्रियापद आपापलं काम करतं आहे. व्यापाऱ्याकडे ते ‘शे’ आहे. गुरुजींकडे त्याचा नुसता ‘य’ उरला आहे, तोही ‘चालला’च्या शेपटीला चिकटलेला. धडपणानं ‘आहे’ म्हणणारा एकटा तो मुलगा, आणि त्याची ती घरची भाषा नाही. पुस्तकातून मराठी शिकणाऱ्याला ‘मी जात आहे’ आधी भेटतं. ‘जातोय’ पुढे माणसांत मिसळल्यावर कानावर पडतं. शब्दाचं अखंड रूप परक्याकडे आणि झिजलेलं रूप घरच्याकडे, हे जगात सगळीकडे असंच आहे. बोली बोलणारा ‘अशुद्ध’ आणि आपण ‘शुद्ध’ असं मानणाऱ्या शहरी माणसानं स्वतःची दोन मिनिटांची बडबड फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकावी. त्यात ‘आहे’ किती वेळा पुरा उच्चारला गेला ते मोजावं.

हे प्रकरण अशा झिजलेल्या बारक्या शब्दांचं आहे. आहे, नाही, काय, आणि, म्हणून, ला, त, च. शब्दकोशात यांना पानाचा कोपरा मिळतो, पण यांच्यावाचून एकही वाक्य उभं राहत नाही.

*

हे शब्द का झिजतात? उंबरठा जिथं जास्त पाय पडतात तिथंच खोल होतो. जॉर्ज किंग्सले झिफ या अमेरिकन भाषातज्ज्ञानं १९३०च्या दशकात वेगवेगळ्या भाषांतले शब्द मोजून दाखवलं की जो शब्द जास्त वापरात, तो साधारणपणे आखूड. त्याच्याही आधी, १८८५मध्ये, ह्यूगो शूखार्ट या जर्मन विद्वानानं लिहून ठेवलं होतं की उच्चारातले बदल सगळ्या शब्दांवर एकाच वेळी होत नाहीत. रोजच्या राबत्यातल्या शब्दांना ते आधी गाठतात.

नुसतं वारंवार येणं पुरत नाही. ऐकणाऱ्याला तो शब्द आधीच अपेक्षित असावा लागतो. ‘तो घरी झोपला’ एवढं कानावर पडलं की पुढे ‘आहे’ येणार हे ऐकणाऱ्याला कळलेलंच असतं. मग बोलणारा त्यावर श्वास कशाला खर्च करील? ‘झोपलाय’ म्हणून तो मोकळा होतो. मात्र ‘बाबा घरी आहेत का?’ या प्रश्नाला उत्तर देताना ‘आहेत’ हा शब्द पुराच म्हणावा लागतो, कारण तिथं सगळा निरोप त्या एका शब्दात आहे. इंग्रजीतही हाच कायदा. ‘आय ऍम’चं ‘आयम’ वाक्याच्या मध्ये खुशाल होतं, पण ‘येस, आय ऍम’ असं उत्तर देताना इंग्रज माणूस ते आखडू शकत नाही. आळसानं बोलणाऱ्याला हा भेद कळला नसता. शब्द कुठं आखडायचा आणि कुठं नाही याचे नियम चार वर्षांच्या पोराच्याही जिभेवर पक्के असतात आणि ते त्याला कुणी शिकवलेले नसतात.

*

महाराष्ट्रातला सर्वांत सुंदर नमुना एका साध्या प्रश्नात सापडतो. ‘तू काय करत आहेस?’ हा प्रश्न घेऊन राज्यभर फिरा.

पुण्यात विचारतात, ‘काय करतोयस?’ कोल्हापूर-बेळगावकडे ‘काय करायलास?’ सोलापूर-लातुरात ‘काय करलालास?’ वऱ्हाडात ‘काय करून राह्यला?’ धुळ्या-नंदुरबारच्या अहिराणीत ‘काय करी ऱ्हायना?’ आणि मालवणात ‘काय करतंस?’

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही सगळी मोडतोड वाटते. जरा थांबून पाहिलं तर तीन निरनिराळ्या क्रियापदांची कहाणी दिसते. काम चालू आहे हे सांगायला प्रत्येक मुलखानं आपापला मदतनीस निवडला. पुण्यानं ‘असणे’ घेतलं: करतो आहेस, त्याचं करतोयस. सोलापूर-कोल्हापूरनं ‘लागणे’ घेतलं. प्रमाण मराठीत ‘करू लागला’ म्हणजे करायला सुरुवात केली. या मुलखांत त्याचा अर्थ ‘करत आहे’ असा पसरला आणि शब्द मात्र आखडला. ‘करू लागलास’चा ‘ग’ गळाला, उरलेलं ‘लालास’ आधीच्या क्रियापदाला चिकटलं आणि ‘करलालास’ झालं. ‘कराय लागलास’मधलं ‘लाग’ जवळजवळ सगळं विरघळलं तेव्हा ‘करायलास’ झालं. वऱ्हाड-खानदेशानं ‘राहणे’ घेतलं, जसं हिंदीनं ‘कर रहा है’मध्ये घेतलं आहे. तिथं ‘राहिला’चं ‘राह्यला’, ‘ऱ्हायना’ झालं.

मुलूख वेगळे, क्रियापदं वेगळी, पण वागणूक एकच. क्रियापद एकदा मदतनीस झालं की त्याचं वजन उतरतं, उच्चार तुटतो आणि ते शेजाऱ्याच्या अंगावर वेलीसारखं चढतं. आता ‘करलालास’ला हसणाऱ्या पुणेकराला विचारावं, तुझ्या ‘करतोयस’मध्ये ‘आहे’ कुठं आहे ते दाखव.

खुद्द पुणेरी रूपाचीही लिहिताना पंचाईत होतेच. ‘ती करतेय’, ‘करतीय’, ‘करतिये’ ही तिन्ही रूपं छापलेली सापडतील. उच्चार पुढे निघून गेला की लिपी मागून धापा टाकत येते.

*

‘नाही’ची भावकी याहून मोठी. मुळात ‘नाही’ हाच जोडशब्द: ‘न’ आणि ‘आहे’. ‘नव्हता’ म्हणजे ‘न होता’, ‘नसतो’ म्हणजे ‘न असतो’, ‘नये’मध्येही तोच ‘न’ दडलेला. ज्याला आपण आज अखंड शब्द म्हणतो तो कधीकाळी दोन शब्दांची झिजलेली गाठ होता. त्या गाठीची झीज पुढेही चालूच राहिली. घाटावर ‘न्हाई’, मुंबई-कोकणात ‘नाय’, शहरी बोलण्यात ‘नै’. ‘की नाही’चं ‘किनई’ झालं आणि एका पिढीच्या बायकांच्या बोलण्यात ते इतकं रुळलं की त्यात नकार उरलाच नाही. ते समोरच्याला बोलण्यात गुंतवून ठेवणारं नुसतं अव्यय झालं.

‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’ यांची गंमत आणखी निराळी. ही जुनी कर्मणी रूपं. ‘म्हणजे’ म्हणजे ‘म्हटलं जातं’. ‘पाहिजे’ म्हणजे ‘पाहिलं जातं’, अर्थात ज्याची वाट पाहिली जाते ते. तो कर्मणी प्रयोग मराठीतून गेला, हे दोन अवशेष मागे राहिले, आणि रोजच्या वापरानं त्यांचेही ‘पायजे’ आणि ‘मंजे’ झाले. व्याकरणाच्या तासाला जुन्या कर्मणीची उदाहरणं शोधत बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या तोंडात ती दिवसातून पन्नासदा असतात.

‘आणि’चं ‘अन्’, ‘आन’, ‘नि’. ‘म्हणून’चं ‘म्हून’, मालवणीत ‘म्हणान’. ‘माझ्याकडे’चं ‘माझ्याकडं’ आणि मग ‘माझ्याकं’. ‘पर्यंत’चं ‘पतुर’. यादी लांबेल, ती वाचकानंच आपल्या घरात बसून वाढवावी.

*

आता जरा मागे जाऊ, कारण प्रमाण मराठी म्हणजे मूळ आणि बोली म्हणजे तिची झीज हा समज इथं पार उलटा होतो.

शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०मधल्या ज्ञानेश्वरीत ‘म्हणौनि’ हा शब्द पावलोपावली भेटतो. आज त्याचं ‘म्हणून’ झालं आहे. तेव्हाचे ‘जऱ्ही’, ‘तऱ्ही’ आज ‘जरी’, ‘तरी’ आहेत. तेव्हा जोर द्यायला ‘चि’ लावत, आज एकटा ‘च’ पुरतो. ‘घरात’मधला ‘त’ म्हणजे ‘आंत’ या पुऱ्या शब्दाचा शेवटचा तुकडा. ‘घराच्या आत’ आणि ‘घरात’ अशी दोन्ही रूपं आपण आजही बोलतो, म्हणजे एकच शब्द अखंडही वापरतो आणि झिजलेलाही. शाळेत विभक्तीचे प्रत्यय म्हणून जो तक्ता पाठ करून घेतात, त्यातले काही प्रत्यय हे असे जुने स्वतंत्र शब्द आहेत.

याच्या शेजारी अहिराणी ठेवून पाहा. आपण ‘करून’, ‘जाऊन’ म्हणतो तिथं अहिराणी ‘करीसन’, ‘जाईसन’ म्हणते. ‘म्हणून’ला ‘म्हनीसन’. इथं आखूड रूप प्रमाण मराठीचं आहे आणि लांब रूप बोलीचं. पण अहिराणीवाला पुण्याच्या माणसाला ‘तुम्ही शब्द खाता’ असं कधी म्हणत नाही. हा तक्रारीचा अधिकार एकाच बाजूकडे कसा आला, हा प्रश्न भाषाशास्त्राचा कमी आणि कचेऱ्या, शाळा, छापखाने कुणाच्या हातात होते याचा जास्त आहे.

काट्याशेजारच्या व्यापाऱ्याचं ‘शे’ही असंच बोलकं. प्राकृतात ‘अच्छइ’ असं एक क्रियापद होतं. बंगालीत त्याचं ‘आछे’ झालं, सुरुवातीचा ‘आ’ शाबूत राहिला. गुजरातीनं तो टाकला आणि ‘छे’ ठेवलं. अहिराणीत ‘छ’ मऊ होऊन ‘शे’ आला. ते मराठी ‘आहे’चं बिघडलेलं रूप नाही, त्याचं घराणंच वेगळं. धडगावहून गुजरात किती जवळ आहे हे या एका अक्षरात ऐकू येतं. अहिराणीची घडण मराठीची की गुजरातीची, हा वाद जुना आहे. जॉर्ज ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५मध्ये निघाला, पण खानदेशी, म्हणजे अहिराणी, त्यात नाही. ती १९०७च्या खंडात भिल्ली भाषांच्या सोबतीला बसवली आहे. मराठी अभ्यासकांपैकी अनेकांना ते पटलेलं नाही. वाद घालताना दोन्ही बाजू पुरावा म्हणून पुढे करतात ते बहुधा हेच बारके शब्द: ‘शे’, ‘ले’, ‘मा’, ‘ना’. ‘घरमा’ हे गुजरातीसारखं, ‘माले’ हे वऱ्हाडीसारखं. नांगराला किंवा भाकरीला काय म्हणतात यावरून भाषेचं कूळ ठरत नाही, कारण असे शब्द बाजारातून उसने येतात. प्रत्यय आणि सहायक क्रियापदं सहसा कुणी उसनी घेत नाही.

२०११च्या जनगणनेत खानदेशी सांगणारे १८ लाख ६० हजार लोक मराठीहून वेगळे मोजले गेले. भिली-भिलोडी या नावाखाली १ कोटी ४ लाख माणसं आहेत आणि धडगावची पावरी त्याच मोठ्या आकड्यात मिसळलेली आहे.

*

ग्रियर्सनचे खंड निघत होते त्याच काळात इंग्लंडात जोसेफ राइट नावाचा माणूस इंग्रजी बोलींचा कोश छापत होता. सहा खंड, १८९८ ते १९०५. राइटची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. यॉर्कशरमधल्या गरीब घरचा हा मुलगा सातव्या वर्षी सॉल्टेअरच्या कापड गिरणीत भरलेल्या बॉबिनी काढण्याच्या कामाला लागला. वाचायला शिकला तो पंधराव्या वर्षाच्या सुमारास. पुढे जर्मनीत डॉक्टरेट केली आणि १९०१मध्ये ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. गिरणीतल्या पोरांची बोली त्याला ग्रंथातून शिकावी लागली नव्हती.

त्या यॉर्कशरची खूण म्हणजे ‘द’ या शब्दाची दशा. इंग्रजीतला सर्वांत जास्त राबणारा हा शब्द तिथं नुसता ‘ट्’ होतो, आणि अनेकांच्या तोंडी तोही नाही, फक्त घशात क्षणभर अडकलेला श्वास. शेजारच्या लँकशरमध्ये त्याचा ‘थ्’ ऐकू येतो. लंडनच्या माणसाला वाटतं यांनी शब्द गाळला. यॉर्कशरच्या माणसाला मात्र ती अडकलेली श्वासाची गाठ स्पष्ट ऐकू येते, आणि ती नसली तर वाक्य चुकलं असं वाटतं. १९५०च्या दशकात लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी ३१३ ठिकाणी माणसं पाठवून बोलींची पाहणी करवली, तेव्हा या बारक्या शब्दांची हद्द नकाशावर आखता आली.

इंग्रजी लिहिताना गळालेल्या अक्षराच्या जागी वर एक स्वल्पविरामासारखी खूण देतात. या खुणेनं एक खोड करून ठेवली आहे: वाचणाऱ्याला वाटतं, इथं काहीतरी हरवलंय. कधी कधी काहीच हरवलेलं नसतं. ‘देम’चा आखूड अवतार म्हणून ‘एम’ लिहितात आणि पुढे ती खूण देतात. प्रत्यक्षात तो ‘देम’चा तुकडा नाहीच. जुन्या इंग्रजीत ‘त्यांना’ यासाठी ‘हेम’सारखा शब्द होता, ‘देम’ नंतर स्कॅन्डिनेव्हियन वसाहतवाल्यांच्या प्रभावानं आला. ‘एम’ हा त्या जुन्या ‘हेम’चा थेट वारस. ज्याला गावंढळ तोतरेपणा समजलं, तो वयानं ‘शुद्ध’ शब्दापेक्षा थोरला निघाला. आणि खुद्द प्रमाण इंग्रजीतला ‘आय’, म्हणजे ‘मी’, हा पूर्वीचा ‘इच’. त्याची अख्खी शेपटी गळाली, पण तिच्या जागी कुणी खूण देत नाही.

मराठीनं असली खूण घेतली नाही हे बरंच झालं. आपण ‘अन्’चा पाय मोडतो किंवा ‘असे’च्या जागी डोक्यावर अनुस्वार देऊन ‘असं’ लिहितो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत, जे शासनानं १९६२मध्ये स्वीकारले आणि १९७२मध्ये वाढवले, याची सोयही आहे: कथा-कादंबरीतल्या पात्राच्या तोंडची वाक्यं त्याच्या बोलण्याप्रमाणे ‘असं’, ‘केलं’ लिहावीत, इतरत्र ‘असे’, ‘केले’. म्हणजे नियमानं मान्यच केलं की माणसं तसं बोलतात. फक्त लेखकानं स्वतःच्या आवाजात तसं बोलू नये! हा संकेत मराठी लेखकांनी कधीच गुंडाळून ठेवला आहे आणि हे पानही त्याला अपवाद नाही.

*

शाळेकडे परत यायला हवं, कारण झळ तिथं बसते. धडगावच्या मुलाला मराठीच्या तासाला दोन मराठी शिकाव्या लागतात. एक पुस्तकातली ‘मी जात आहे’ आणि दुसरी गुरुजींच्या तोंडची ‘जातोय’. पहिलीसाठी पाठ आहेत, स्वाध्याय आहेत. दुसरीसाठी काहीच नाही. ‘चाललाय’मध्ये ‘आहे’ आहे हे त्याला कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याच्याच ते लक्षात नसतं. मराठी घरात वाढलेल्या मुलाला हे फुकट मिळतं. पावरी घरातल्या मुलानं वहीत ‘चालला य’ असं तोडून लिहिलं तर ती चूक हुशारीची आहे. ‘य’ हा वेगळा शब्द आहे हे त्यानं स्वतःच्या कानानं पकडलं आहे, आणि व्याकरण त्याच्याच बाजूचं आहे. त्यावर लाल रेघ मारण्याआधी फळ्यावर दोन्ही रूपं शेजारी लिहून दाखवायला पाच मिनिटं लागतात.

उरला प्रश्न नोंदींचा. अ. मा. घाटगे यांनी १९६३पासून मराठी-कोकणी बोलींच्या पाहण्यांची पुस्तकं काढली, त्यांत कुडाळी आहे, ठाण्याची वारली आहे, कासरगोडची मराठी आहे. गणेश देवी यांच्या भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड २०१३मध्ये अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली आला. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्यानं गावोगावी जाऊन माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि महाजालावर ठेवलं. ही कामं मोलाची. पण हौशी संग्राहक अजूनही बोलीची वही काढतो ती म्हणी, शिव्या, अवजारं आणि पदार्थांची नावं लिहायला. ‘शे’ आणि ‘ऱ्हायना’ हे शब्द त्याला नोंदण्यासारखे वाटत नाहीत.

तुमच्या घरी, गावी कुणी वेगळं बोलत असेल, तर एक साधं काम करा. आजीला एखादी गोष्ट सांगायला लावा, फोनवर मुद्रित करा आणि सावकाश ऐकत आहे, नाही, आणि, म्हणून, इथं, तिथं यांची तिची रूपं जशी ऐकू येतील तशी उतरवा. सुधारू नका. शेजारी गावाचं नाव, तिचं वय आणि माहेर कुठलं ते लिहा. माहेर विसरू नका, कारण बारके शब्द बाई बहुतेक तिथूनच घेऊन आलेली असते.